नुसती चासी

निपाणीच्या ट्रक अड्ड्यावर आप्पांची गोष्ट अजून सांगतात. नवा ड्रायव्हर आला की त्याला आधी चहा पाजतात आणि मग ही गोष्ट. गोष्टीत एक वाक्य येतं, आणि ते आलं की ऐकणारा अड्ड्याच्या अध्यक्षाला हमखास एक शिवी हासडत आलाय. ते वाक्य असं: "आप्पांनी उभ्या जन्मात ट्रक चालवलाच न्हाय, नुसते सांगाडे वढले."

ते वाक्य अध्यक्षांचं नव्हे. माझं आहे. मी कमी बोलणारा माणूस. चारचौघांत मोठ्यानं बोलायची वेळ माझ्यावर क्वचित येते, आणि आली तेव्हा तोंडून हे निघालं. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

आप्पा माझे घरमालक. अड्ड्याच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो तेव्हा मी खानापूरहून एकटाच आलो होतो, आणि एकट्या पुरुषाला खोली द्यायला निपाणीत कुणी तयार होईना. आप्पांनी दारातच विचारलं, "सामान किती?" म्हटलं, एक ट्रंक आणि एक वळकटी. "मग तू भाडेकरू न्हाईस रं, तू पार्सल हाईस. टाक आत." आत पडलो तो आजतागायत तिथंच आहे.

आप्पा चासी ड्रायव्हर होते. हा धंदा आता बराच आटला, म्हणून सांगतो. कारखान्यातून ट्रक निघतो तो ट्रकासारखा दिसत नाही. लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, पुढं इंजिन, खाली चाकं, वर स्टेअरिंग, बस्स. ना केबिन, ना काच, ना टप, ना मागचा हौदा. हीच चासी. ती तशीच उघडीवाघडी चालवत शेकडो मैल दक्षिणेत न्यायची, जिथं सुतार-लोहार तिच्यावर केबिन नि हौदा बांधतात. बसायला लाकडी खोकं. पाऊस अंगावर, ऊन अंगावर, किडे तोंडात. गेटावर चासी द्यायची, सही घ्यायची, आणि कुणाच्या तरी ट्रकात बसून परत यायचं. आप्पांनी हे उभी हयात केलं. त्यांनी आणलेल्या एकाही ट्रकाचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, कारण ट्रकाला तोंड फुटायचं ते आप्पा परत निघाल्यावर.

त्यातून त्यांना ज्या सवयी लागल्या त्या धंदा सुटल्यावरही सुटल्या नाहीत. खुर्चीत ते बसत नसत. पाठीला टेकायला काही मिळालं की त्यांना झोप येई, आणि झोप म्हणजे खड्डा, हे डोक्यात पक्कं. म्हणून घरात खोकं, ओट्यावर खोकं, लग्नाला गेले तरी हातात खोकं. न्हाव्याकडंसुद्धा खोकं घेऊन जात. तो बिचारा वाकून वाकून दाढी करी आणि शेवटी स्वतःची कंबर धरून खुर्चीत बसे. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात मफलर, तेही ऐन मे महिन्यात. जेवताना तोंड जेमतेम उघडत, किडा जाईल म्हणून. आणि आवाज! वाऱ्याशी भांडून भांडून तो असा चढला होता, की आक्कांच्या कानात एखादी गोष्ट सांगायची झाली तरी ती पलीकडच्या गल्लीला आधी कळे. आक्का, म्हणजे आप्पांची बायको, म्हणायच्या, "आमच्या घरात गुपित ऱ्हात न्हाय. ते सरळ बाजारातच जातंय."

कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली की आप्पा मला घेऊन जात. मला वाटे, कुणाला भेटायचं असेल. आप्पा रांगेतल्या ट्रकांखाली वाकून बघत चालायचे. वरचा रंग, झालरी, मागं लिहिलेल्या ओळी, यांच्याकडं ढुंकूनही बघत नसत. एकदा एका ड्रायव्हरनं खाली उडी मारून त्यांची मफलर धरली.

"काय रं म्हाताऱ्या, डिझेल चोरतोस व्हय?"

"चोरत न्हाय बाबा, वळख काढतोय. ह्याला मी आणलाय. तवा ह्यो उघडा हुता."

"मग आता कापडं घातल्यावर कसा वळखलास?"

"का? आई वळखत न्हाय व्हय?"

ड्रायव्हर हसला, त्यानं मफलर सोडली आणि दोघांना चहा पाजला. तो ट्रक खरंच आप्पांनी आणलेला होता का, देव जाणे. आप्पा कुठल्याही ट्रकाच्या पोटाखाली वाकले की उठताना म्हणायचेच, "ह्यो माझा." पुणे-बेंगळूर रस्त्यावरचे निम्मे ट्रक त्यांचेच होते. खोटं बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. हे खोटं मात्र ते डोळे पुसत बोलत.

ट्रक कशाला म्हणायचं, याबद्दल आप्पांचं मत ठाम होतं. "वरचं समदं उतरिव. मग किल्ली मार. चाललं तर ट्रक, न्हाय तर डबा." मोटारगाडी त्यांच्या लेखी डबा. तिचा पत्रा हेच तिचं हाड. तो काढला की उरतंय काय? ट्रकाचं तसं नाही. केबिन काढा, हौदा काढा, तो आपला चालतोच. पुढं पुढं ही कसोटी त्यांनी जगाला लावली. पुढाऱ्याची टोपी उतरवा, बघू चालतोय का. मास्तराची छडी उतरवा. मी एम.ए. झालेला, तर मला म्हणायचे, "तुझं ते येम्ये उतरिव रं, बघू किती पावलं जातोस." आक्का चुलीपुढून ऐकवायच्या, "आणि तुमचा आवाज उतरिवला तर काय शिल्लक ऱ्हातंय, ते सांगा की एकदा."

म्हातारपणी आप्पांनी स्वतःची एक गाडी घेतली. लहानशी, मागं एकेकच चाक असलेली, तंबाखूची बोदरी, म्हणजे पोती, आणि गुळाच्या ढेपा न्यायला ठीक. सगळं गाव तिला टेम्पो म्हणतं. आप्पा ट्रक म्हणत. खाली दोन पट्ट्यांची चासी होती ना! फोनवर कुणी विचारलं, "आप्पा, टेम्पो मोकळा हाय काय?" की आप्पा गरजत, "राँग नंबर!" मग आक्का गुपचूप माझ्या फोनवरून त्या माणसाला परत फोन लावायच्या आणि बजावायच्या, "ट्रक म्हण बाबा तेवढं. तुझं काय जातंय?"

हायवेचं रुंदीकरण निघालं आणि जुना अड्डा उठला. गावाबाहेर सर्व्हिस रस्त्याला लागून नवीन जागा मिळाली. तिथं कुणाच्या गाडीला जागा आणि नंबर द्यायचा हे ठरवायला बैठक बसली. अड्ड्यावर नंबर म्हणजे मान. ज्याला नंबर, तो ट्रकवाला. आप्पा आपलं खोकं घेऊन आले, मागच्या भिंतीजवळ बसले आणि पाळी आल्यावर उठले.

"मला एक नंबर पायजे."

अध्यक्ष बारा टायरी ट्रकाचे मालक, अंगानं भरदार, मनानं वाईट नव्हेत. ते म्हणाले, "आप्पा, तुमच्या टेम्पोला लोड लागंल तर आम्ही बाजूनं देऊ की. नंबर कशाला?"

"लोड गेलं उडत. जन्मभर दुसऱ्यांचं ट्रक आणलं नि पोचिवलं. एक तरी माझ्या नावानं अड्ड्यावर हुबा ऱ्हाऊ दे."

मग ट्रक म्हणजे काय, यावर जी जुंपली! एक म्हणाला, सहा टायर असतील तोच ट्रक. दुसरा म्हणाला, ज्यात चढाय पायरी लागती तो. तिसऱ्याच्या मते, ज्याला बघून मोटारसायकलवाला आपणहून बाजूला होतोय तो. "मग म्हैस पण ट्रकच की!" असं कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. आप्पांनी आपली व्याख्या मांडली, वरचं उतरिव, किल्ली मार. तिच्यात कुणालाच खोट सापडेना. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला, ऑफिसातला. आपण आज काहीतरी झकास बोलावं, असं मला वाटलं, आणि मी ते सांगाड्यांचं वाक्य बोललो.

सभा हसून हसून लोळली. मला वाटलं, आप्पा आता गरजतील. ते गरजले नाहीत. खोकं उचलता उचलता ते म्हणाले, "मग इतकी वर्षं आम्ही केलं काय म्हणायचं?" आणि हे इतक्या हळू म्हणाले की पुढच्या रांगेला ऐकूही गेलं नाही. मी त्यांच्या जवळच उभा होतो, मला गेलं. त्यांचा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या दिवशी खोलीवर जायला माझे पाय निघेनात. गेलो, तर आक्कांनी ताट वाढून ठेवलेलं. आप्पा समोर खोक्यावर. "जेव. भाकरी गार व्हायली," एवढंच म्हणाले. मी मान खाली घालून जेवलो. माफी मागायला जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी उचलेल म्हटलं, तेव्हाही नाही. अशानं माफी शिळी होते, आणि शिळी झाल्यावर ती मागायचीही लाज वाटते.

आप्पांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून पाना हातात घेतला.

आधी हौद्याचे नटबोल्ट ढिले केले. मग केबिनचे. ओळखीच्या गॅरेजात नेऊन केबिन उतरवली. स्टेअरिंग आणि पेडल लोखंडी पट्ट्या ठोकून सांगाड्यालाच बसवले. गल्लीतले लोक आक्कांना विचारू लागले, आप्पा गाडी भंगारात घालणार काय? आक्का म्हणाल्या, "गाडी न्हाय, नवरा घालावा म्हणते. वजनात कुणी घेत असंल तर बघा." पण रात्री, आप्पा झोपल्यावर, त्यांनीच ते खोकं निरमा लावून घासलं आणि त्याच्यावर नवी सतरंजी ठोकून घेतली.

खंडेनवमीला नव्या अड्ड्याचं उद्घाटन होतं. आमच्याकडं त्या दिवशी ट्रकांचा थाट नवरदेवासारखा. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, झेंडूचे हार, टपावर झेंडा. आणि एक रीत अशी की रिकामा हौदा देवाला दाखवायचा नाही. तंबाखूचं एखादं बोद, उसाची मोळी, गुळाची ढेप, काहीतरी ओझं प्रत्येक गाडीत हवंच. ज्या ट्रकाचं पाऊल नव्या अड्ड्यात पहिलं पडेल, त्याच्यापुढं अध्यक्ष नारळ फोडणार आणि मोठ्यानं पुकारणार, "ट्रक नंबर एक!" तो मान अध्यक्षांच्या बारा टायरीचा, हे ठरलेलंच होतं.

मिरवणूक वाजत गाजत सर्व्हिस रस्त्यानं निघाली. पुढं अध्यक्षांचा ट्रक, मागं बाकीचे, नाकाला शेपूट लावून. मी दारात कमानीखाली उभा. देवीची तसबीर मधोमध लावलेली ती कमान मीच उभी करून घेतली होती. आणि बारा टायरी कमानीपाशी येऊन थांबली. मंडपवाल्याला मी उंची दिली होती ती ट्रकाची. केळीच्या खुंटांची आणि झेंड्याची नव्हे.

"सेक्रेटरी! हे काय करून ठेवलंय?" अध्यक्ष केबिनमधून माझ्यावर ओरडले. अड्ड्यावर कारकुनाला सेक्रेटरीच म्हणतात.

ट्रक पुढं जाईना, कारण तसबिरीला धक्का कोण लावणार? मागं जाईना, कारण मागं सगळी रांग चिकटलेली. खुंट काढावेत, तर पूजेआधी बांधलेलं सोडायचं नसतं. भटजी घड्याळाकडं बघत म्हणाले, "मुहूर्त निघालाय हो. कुठलीतरी एक गाडी आत घाला."

"कुठलीतरी कशी घालता?" गर्दीतून एकजण. "वर पाटीवर ट्रक अड्डा लिवलंय. ट्रकच पायजे!"

तेवढ्यात सर्व्हिस रस्त्याच्या कडेकडेनं फटफटत एक वस्तू आली. दोन पट्ट्या, इंजिन, चार चाकं, आणि वर खोक्यावर ताठ बसलेले आप्पा. गॉगल, मफलर, कपाळाला गुलाल. स्टेअरिंगला झेंडूचा एकच हार. पोरं "सांगाडा आला, सांगाडा आला" म्हणत मागं धावत होती. बंदोबस्ताच्या पोलिसानं हात आडवा केला.

"एन्री इदु?" हे काय आणलंत, म्हणून कानडीत विचारलं त्यानं. "बॉडी एल्लि?" बॉडी कुठाय?

"बॉडी हिंद बरतैती, साहेब्रऽ!" आप्पा त्याच्याच भाषेत गरजले. बॉडी मागनं येतेय! हे उत्तर आप्पांनी आयुष्यभर प्रत्येक नाक्यावर दिलेलं. पोलीस खो खो हसला. त्यानं ती दोन पट्ट्यांची उघडी चासी खालपासून वरपर्यंत न्याहाळली, मग गर्दीकडं वळून काठी आपटली: "हिंद सरीरी! लॉरी बंतु, लॉरी!"

मागं सरा, लॉरी आली. आमच्या गावात हे सगळ्यांना समजतं. सगळ्यांनी ऐकलं. आमच्या बैठकीत जे ठरलं नव्हतं, ते ज्याला आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं अशा माणसानं भर रस्त्यात पुकारलं, आणि गर्दी खरंच मागं सरली.

आप्पांनी चासी बारा टायरीच्या नाकापुढून वळवली आणि कमानीसमोर आणली. वर अडकायला काही नव्हतंच. भटजींनी हात वर केला. "थांबा. ओझं?"

हौदाच नाही, तर ओझं कुठलं? अध्यक्षांच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. आप्पांनी मान वळवून इकडं तिकडं पाहिलं, आणि गॉगल माझ्यावर येऊन थांबला.

"ते बघा माझं ओझं. चढ रं पार्सल!"

मी चढलो. मागच्या आडव्या दांड्यावर पोतं टाकून बसलो. आप्पांनी उतरून कासऱ्यानं मला चासीला बांधलं, गाठ ओढून बघितली, लोडला मारतात तशी माझ्या पाठीवर थाप मारली आणि परत खोक्यावर जाऊन बसले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ताडपत्री घाला वरनं!" सगळा रस्ता हसत होता. अड्ड्याचा सेक्रेटरी गुळाच्या ढेपेसारखा बांधलेला. पण लाज वाटायची ती वाटेना. खाली इंजिन थडथडत होतं आणि ती थडथड माझ्या हाडांतून वर येत होती. हा माणूस उभा जन्म यावर बसला. हा ट्रक नव्हे म्हणणारा मी कोण?

कमान डोक्यावरून सरकत असताना मी पुढं वाकून म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी माझं चुकलं."

आप्पांनी मागं पाहिलंच नाही.

"ओझं बोलत न्हाय," ते म्हणाले. आणि गिअर टाकला.

अड्ड्याच्या मधोमध चासी थांबली. अध्यक्ष केबिनमधून उतरून चालत आले. नारळ हातात घेतला. मग त्यांनी आप्पांच्या चाकांपुढं नारळ असा फोडला की पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत उडालं, आणि दिलदार माणूस तो, आप्पांच्याच आवाजात गरजला, "ट्रक नंबर एक!" हलगी कडाडली. बाहेर अडकलेल्या सगळ्या ट्रकांनी एकदम हॉर्न लावले. आक्का कंपाउंडच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण आवाज काही दबला नाही. "अहो, आता तरी केबिन बसवा! पावसात बाजार कसा आणू मी?" आणि हसता हसता त्या रडायलाच लागल्या.

केबिन बसली, हौदाही बसला. गाडी आजही नंबर एकला उभी असते. आणि त्या दिवसापासून आप्पा ही गोष्ट सांगतात. दरवर्षी खंडेनवमीला, नव्या पोरांना गोळा करून. दरवर्षी ते वाक्य येतं आणि दरवर्षी आप्पा म्हणतात, "मग अध्यक्ष म्हणाला..." पोरं अध्यक्षांना शिव्या घालतात. अध्यक्षही शेजारी बसून त्या हसत हसत खातात. मी चहाचे कप गोळा करत असतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, आप्पा विसरले असतील. मग कळलं, ते पावसाळ्यात माझ्या गळक्या खोलीवर ताडपत्री घालतात तशी त्या वाक्यावर घालत होते. वर्षानुवर्षं मी त्या ताडपत्रीखाली कोरडा बसलो, आणि माझ्या वाट्याचा पाऊस अध्यक्ष झेलत राहिले.

गेल्या खंडेनवमीला आप्पा त्याच जागी आले. "मग अध्यक्ष म्हणाला..."

"अध्यक्ष न्हाय, आप्पा," मी म्हणालो. "ते मी म्हणालो होतो."

कप हातात धरून पोरं माझ्याकडं बघू लागली. अध्यक्षांनी सुस्कारा सोडला, बऱ्याच वर्षांचा असावा. आप्पांनी गॉगल काढला. त्यांचे डोळे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलेच नव्हते. वाऱ्यानं बारीक झालेले, पाणावलेले. मफलरीनं त्यांनी काच पुसली, गॉगल परत चढवला आणि पोरांकडं वळून म्हणाले, "बघा रं, ओझं बोलाय लागलं. म्हंजी उतरायची जागा आली."

मग ते खोक्यावर थोडे सरकले आणि शेजारची रिकामी जागा हातानं थोपटली.

"बस हितं. आणि फुडचं तूच सांग."

मी बसलो. टेकायला मागं काही नव्हतं. सांगायला लागलो, तर पहिल्याच वाक्याला आप्पांनी कोपर मारलं.

"मोठ्यानं रं! चासीवर वारं असतंय."